अंगणातली गॅसची शेकोटी

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, धाकट्या भावाने मला मुद्दाम गणपतीपुळ्याला बोलावून घेतलं. "आपा, एक गंमत दाखवायची आहे, मगरिबनंतर ये," म्हणाला. हा भाऊ सोळा वर्षं कुवेतला होता. परत आल्यावर त्याने मालगुंडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमच्या आजोळच्या वाडीत चार खोल्यांचा होमस्टे काढला. सुट्ट्यांमध्ये बरा चालतो. पुण्या-कोल्हापुराकडची माणसं येतात, सकाळी देवदर्शन करतात, दुपारी समुद्र बघतात आणि रात्री काय करायचं म्हणून विचारतात. त्या 'रात्री काय' या प्रश्नाला भावाने उत्तर शोधलं होतं.

वाडीच्या मधोमध चिऱ्याचं गोल कुंड बांधलेलं होतं, साधारण गुडघाभर उंच. आत लोखंडी रिंगचा बर्नर, त्यावर समुद्रकिनाऱ्याहून आणलेले काळे गोटे. चावी फिरवली की गोट्यांमधून ज्वाळा निघणार. लाकूड नको, धूर नको, राख नको. बसायला चारी बाजूंनी खुर्च्या आणि वर, दव पडू नये म्हणून, झावळ्यांचा मांडव. सिलिंडर कुंडाच्याच पोटात, छोट्या दाराआड लपवलेला. पाहुण्यांना तो दिसला की मजा जाते, असं भावाचं म्हणणं.

शेकोटी पेटवायला भावाने एका मुलाला सांगितलं. मुलगा आमच्याच शाळेतला, दहावीचा, सुट्टीत चार पैसे मिळतात म्हणून आलेला. त्याने चावी फिरवली आणि लायटर ओढला. वारा होता, पेटलं नाही. दुसऱ्यांदा ओढला, तिसऱ्यांदा ओढला. चावी तशीच उघडी. चौथ्या वेळी भक्कन आवाज झाला आणि त्याच्या डोक्यापर्यंत जाळ आला. तो मागे पडला. उजव्या हातावरचे केस, एक भुवई आणि कपाळावरचे थोडे केस जळाले. बाकी काही झालं नाही. पाहुणे हसले, एकाने तर व्हिडिओही काढला होता. मुलगाही हसला, कारण सगळे हसत होते.

मला हसू आलं नाही. रात्री जेवताना भावाशी बोललेच. त्याचं एकच उत्तर: "आपा, उघड्यावर आहे ना. घरात असता तर गोष्ट वेगळी. इथे गॅस उडून जातो."

हे वाक्य मी त्यानंतर आणखी दोन-तीन ठिकाणी ऐकलं. आपल्या किनाऱ्यावर आता अशा शेकोट्या ठिकठिकाणी होऊ लागल्यात. कुणी ऑनलाइन मागवतो, कुणी वेल्डरकडून बनवून घेतो. प्रत्येकाचा भरवसा त्याच वाक्यावर. म्हणून आधी त्या वाक्याचंच बघू.

आपल्या सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. म्हणजे तो उडत नाही, सांडतो. पाणी जसं उताराकडे जातं तसा हा जमिनीलगत सरकत जातो आणि खळगा सापडला की तिथे बसून राहतो. गटार, तळघर, विहीर, काहीही चालतं त्याला. भावाचं कुंड हा तर हाताने बांधून दिलेला खळगाच. चारी बाजूंनी चिरा, खाली सिमेंट, वाऱ्याला शिरायला जागा नाही. मुलगा लायटर ओढत होता तेवढ्या वेळात कुंड भरत होतं. हवेत शंभरात साधारण दोन भाग गॅस झाला की तो पेटायला तयार असतो. त्याच कुंडाच्या पोटात सिलिंडर, आणि त्याच्या रेग्युलेटरमधून बारीक गळती असती तर? दहा-पंधरा पावलांवर वाडीची विहीर आहे. भावाच्या ती डोक्यातही आली नव्हती.

माझ्याही आली नसती, पण मी गेली पंचवीस वर्षं रोज शेगडी पेटवते. मला इथे एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती भावावर रागावून सांगत नाही.

आमच्या घरी गॅस आला तेव्हा मी पाचवीत होते. अम्मीने पहिले कितीतरी दिवस शेगडीला हात लावला नाही. मग एकदा लावला आणि त्यानंतर आम्हा बहिणींना तिने जे शिकवलं ते नमाजच्या दुवांसारखं पाठ झालं. आधी काडी, मग चावी. वास आला तर आधी खिडकी. दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. नळी दर महिन्याला वाकवून बघायची. रात्री रेग्युलेटर बंद. झोपण्याआधी घरातला विस्तव विझवावा, ही शिकवण हदीसमध्ये आहे, आणि अम्मी ती चुलीच्या काळापासून पाळत आलेली. हे सगळं आम्हा तिघी बहिणींना शिकवलं गेलं. भाऊ तेव्हा अंगणात क्रिकेट खेळत होता. त्याला कुणी बोलावलं नाही, कारण त्याला शेगडी कधी पेटवावी लागणार नव्हती.

आता गॅस अंगणात आला आहे. आणि अंगणात आल्याबरोबर तो पुरुषांचा झाला. तो बसवणार वेल्डर, विकत आणणार मालक आणि पेटवणार हाताखालचा पोरगा. यांतल्या एकालाही अम्मीसारख्या कुणी शिकवलेलं नाही. ज्या घरात तीस वर्षं बिनबोभाट गॅस वापरला गेला, त्याच घराच्या अंगणात भावजयीला कुणी विचारलं नाही की हे कुंड बरोबर आहे का. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी सांगितलं होतं, दारात सिलिंडर कोंडू नका. म्हणाले, तुला डिझाइनमधलं काय कळतं?"

बावर्ची पुरुषच असतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण वलीम्याच्या मांडवामागे एकदा जाऊन बघा. संपत आलेला सिलिंडर आडवा करून, त्याच्यावर गरम पाणी ओतून शेवटचा गॅस काढणारे मी डोळ्यांनी बघितले आहेत. सिलिंडर आडवा केला की वायूऐवजी आतला द्रवच नळीत येतो आणि एक लिटर द्रवाचा अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो. तिथेही म्हणायला सगळं उघड्यावरच असतं.

उघड्यावर म्हटलं की मला मीना आठवते. 15 एप्रिल 1997. हज यात्रेच्या दिवसांत मीनाच्या मैदानातल्या तंबूंना आग लागली. तंबूत स्वयंपाकासाठी आणलेली गॅसची साधनं आगीला कारण ठरली आणि वाऱ्याने ती तंबूमागून तंबू पुढे नेली. अधिकृत आकड्यानुसार 343 हाजी दगावले, दीड हजारांहून अधिक जखमी झाले. त्यांत भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशचे पुष्कळ. आमच्या मोहल्ल्यातली दोन माणसं त्या वर्षी हजला होती. एसटीडी बूथवर रात्रभर लोक उभे होते, हे मला स्पष्ट आठवतं. ती दोघं सुखरूप आली. चारही बाजूंना वाळवंट, वर आकाश, यापेक्षा उघडी जागा कोणती असणार? पण तंबूचं कापड होतं, गॅस होता आणि वारा होता. त्यानंतर तिथे आग न पकडणारे तंबू आले आणि तंबूंत गॅसवर स्वयंपाक करण्यावर बंदी आली. आमच्या भावाच्या मांडवावर मात्र वाळलेल्या झावळ्या होत्या. मांडव काढला तरी नारळाच्या वाडीत वरून झावळ कधी पडेल याचा नेम नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. शेकोटीची जागा माडांखाली नाही. जिथे वर फक्त आभाळ आहे तिथे.

उलट बाजूचं उदाहरण नेपाळचं. जानेवारी 2020 मध्ये दामन इथल्या एका रिसॉर्टमध्ये केरळहून आलेले आठ पर्यटक, त्यांत लहान मुलंही, एका खोलीत दार-खिडक्या बंद करून झोपले आणि सकाळी उठले नाहीत. खोलीत गॅसवर चालणारा हीटर होता. ज्वाळेला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपल्याकडे पाऊस आला म्हणून शेकोटी पडवीत घेणारे आणि वाऱ्यासाठी ताडपत्री सोडणारे आहेत. आणि स्वयंपाकघरात आपण ज्वाळा निळी आहे की पिवळी हे बघून ओळखतो, तेही इथे चालत नाही, कारण शोभेच्या शेकोटीची ज्वाळा मुद्दाम पिवळी ठेवलेली असते.

दुसऱ्या दिवशी मी आणि भावजय त्या कुंडाभोवती बसलो. भाऊही आला, जरा घुश्शात. साबणाचं पाणी करून रेग्युलेटरवर आणि नळीच्या जोडांवर लावलं. एका जोडावर बुडबुडे आले. भाऊ गप्प झाला. नळी साधी हिरवी होती, बाजारातून मीटरवर घेतलेली. आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळी घरात वापरतो तीच इथे हवी आणि तीही पाच वर्षांनी बदलायची, हे त्याला माहीत नव्हतं. आणि कुंड, सिलिंडर यांच्यात अंतर ठेवायचं तर नळी जमिनीत पुरू, असं त्याने सुचवलं. वाडीत घुशी किती आहेत! रबरी नळी कधीच पुरायची नाही. गॅसची कामं करणाऱ्या जाणकार फिटरकडून धातूची पाइप घालून घ्यायची आणि बसल्या जागेवरून हात पोहोचेल पण ज्वाळेजवळ जावं लागणार नाही, अशा ठिकाणी बंद करण्याची चावी ठेवायची. सिलिंडर उभा, मोकळ्या हवेत, दहा-बारा पावलं लांब, विहिरीच्या उलट अंगाला. दिसला तर दिसला.

चिऱ्याच्या भिंतीला समोरासमोर, जमिनीलगत दोन-दोन भोकं पाडायला सांगितली, म्हणजे आत सांडलेला गॅस बाहेर वाहील. गोटे काढून टाकले. आपला जांभा काय आणि किनाऱ्यावरचा गोटा काय, पाणी पोटात धरून ठेवतो. तापला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून उडतो. कुंडाला आतून भट्टीची वीट लावायची आणि वर याच कामासाठी मिळणारे लाव्हा दगड टाकायचे. खारी हवा तर कशालाच सोडत नाही. पावसाळ्यानंतर बर्नरची भोकं गंजलेली असतात, नळकांड्यात कोळी नाहीतर कुंभारमाशीने घर केलेलं असतं. दिवाळीच्या आधी सगळं उघडून साफ केल्याशिवाय पेटवायचं नाही.

सगळ्यात महाग पडली ती ज्वाळा विझली की आपोआप गॅस बंद करणारी चावी. तिच्या टोकाला एक बारीक सळई असते, ती ज्वाळेत तापलेली असेपर्यंतच गॅस सुरू राहतो. समुद्रावरचा वारा ज्वाळा कधीही विझवेल, तेव्हा किनाऱ्यावर ही चावी नसेल तर शेकोटी लावूच नये, असं माझं मत. भाऊ म्हणाला, एवढ्या पैशांत वर्षभराचं लाकूड येईल. मग लाकूडच जाळ, म्हटलं. आमच्याकडे थंडी ती किती!

डिसेंबर 2024 मध्ये जयगडजवळ नांदिवड्याला वायुगळती झाली आणि शाळेतल्या मुलांना त्रास होऊन रुग्णालयात न्यावं लागलं. तेव्हा सगळा तालुका पेटून उठला होता आणि बरोबरच होतं. आम्हा शिक्षकांच्या खोलीत कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. पण तो गॅस कंपनीचा होता, म्हणून आपल्याला राग आला. आपल्याच अंगणातल्या गॅसने आपल्याच शाळेतल्या मुलाची भुवई जाळली तर आपण हसतो. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर समुद्रात जाऊ नका, अशा पाट्या आहेत. शेकोटी कोण पेटवतो, असं विचारणारी पाटी कुठे बघितली नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामाला लावायला कायद्याने बंदी आहे. चहाचे कप उचलणं आणि वाऱ्यात गॅस पेटवणं, ही दोन कामं एकच आहेत असं समजून आपण पोरांना हाका मारतो. त्यांच्या आईबापांनी ती आपल्यावर सोपवलेली असतात, अमानत म्हणून.

त्या मुलाला मी सुट्टी संपल्यावर घरी बोलावलं. माझ्या ओट्याजवळ उभं करून शेगडी पेटवायला लावली. आधी काडी, मग चावी. पेटलं नाही तर चावी बंद, पाच मिनिटं थांबायचं, मग पुन्हा. वास आला तर मुख्य चावी बंद करून लांब जायचं आणि 1906 वर फोन करायचा. हा गॅसगळतीचा चोवीस तास चालणारा नंबर आहे. तो लाजत होता. "मॅडम, हे मुलींचं काम ना?" म्हणाला. त्याच्याकडून दहा वेळा पेटवून घेतली. पण होमस्टेवरची शेकोटी पेटवायची नाही, हेही बजावलं. ती भाऊ स्वतः पेटवेल.

भावाने मांडव काढला, कुंड माडांपासून लांब नव्याने बांधलं, चावीही आणली. एक गोष्ट अजून राहिली आहे. सिलिंडर घरचाच, 14.2 किलोचा लावतो. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायचा नाही, असं 2000 सालच्या एलपीजी आदेशात आहे. उद्या काही झालं तर विम्याचा दावा टिकेल याचा भरवसा नाही, हेही सांगून झालं. तो म्हणतो, 19 किलोचा सिलिंडर परवडत नाही, सगळेच असं करतात. भावजय आता माझ्या बाजूने आहे. तिने परवा घरातला जादा सिलिंडर स्वयंपाकघरात आणून ठेवला आणि अंगणात द्यायला नकार दिला. भावाचा मला फोन आला होता, तक्रार करायला.