निळी गोळी फेकू नका

शक्तीची महागडी बाटली विकत आणायची आणि शाळेत फुकट मिळालेली गोळी गटारात टाकायची, ही उलटी रीत आपल्या पोखर्णीसारख्या गावांतून थांबली पाहिजे. वर्गातल्या मुली आठवड्याची निळी गोळी हातात घेऊन विचारतात, "सर, यानं पुढे मूलबाळ होत नाही म्हणतात, खरं का?"

मुळीच नाही. या गोळीत लोह आणि फॉलिक अॅसिड असते. फॉलिक अॅसिड म्हणजे ब गटातले एक जीवनसत्त्व. त्याचा पहिला माग लागला तो मुंबईत, आपल्याच मायबहिणींच्या दुखण्यातून. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर तिथे आल्या. गिरणगावातल्या गरोदर बायकांचे रक्त का आटते, हे त्या शोधत होत्या. गरीब मुस्लिम घरांत हा आजार जास्त होता. उणीव निघाली ती जेवणातली! यीस्टच्या साध्या अर्काने या बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये विल्सबाईंनी ते जगापुढे मांडले. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून हा घटक मिळाला. 'फोलियम' म्हणजे पान, म्हणून नाव फॉलिक.

मग पालेभाजी पुरत नाही का? भाजी रोज हवीच. पण यकृतातला या जीवनसत्त्वाचा साठा काही महिन्यांतच संपतो. भाजी उकळून पाणी ओतून दिले, की बरेचसे त्यातच जाते. शिवाय गर्भातल्या बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया पहिल्या २८ दिवसांत घातला जातो. तेव्हा आईला दिवस गेल्याचे पुष्कळदा ठाऊकही नसते. म्हणून फॉलिकची गोळी गरोदरपणाच्या आधीपासून हवी.

बाटलीचे तसे नाही. ब आणि क जीवनसत्त्व जास्त झाले, तर बहुतेक लघवीवाटे निघून जाते, म्हणजे पैसे वाया. अ आणि ड मात्र शरीरात साठतात, अति झाले तर बाधतात. गरोदरपणी अति 'अ' तर बाळालाच इजा करते. ड किंवा बी-१२ कमी असेल, तर डॉक्टर तपासून देतील. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने घेऊ नका.

निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, रमजानमध्ये इफ्तारनंतर. त्यावर लगेच चहा नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. शौचास काळे झाले तर घाबरू नका.

इमामसाहेबांना विनंती आहे, जुम्याच्या बयानात दोन मिनिटे यावर बोला. माझ्यापेक्षा तुमचे शब्द घराघरांत लवकर पोहोचतात.