पोटमाळ्याची फळी

नायगावच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. आता म्हाडाच्या पुनर्विकासात त्या टप्प्याटप्प्याने पाडल्या जात आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जायचे, याचा आनंद कुणाला नाही? पण सामान बांधताना एक चूक हमखास होते. देव, भांडी, तसबिरी सोबत येतात आणि पोटमाळ्याच्या फळ्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातात. खोली सरकारची होती. पोटमाळा मात्र आपला होता. कुणाच्या वडिलांनी तो दिवाळीच्या बोनसातून घातलेला असतो.

शिवाय जुना सागवान वर्षानुवर्षे मुरलेला असतो, सहसा वाकत नाही. भुसा दाबून केलेल्या बोर्डाचे नवे कपाट मात्र पाणी लागताच फुगते. फळी ठोकून पाहावी. पोकळ वाजली तर आत वाळवी समजावी. लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत, नाहीतर सुताराच्या रंध्याचे पाते जायचे. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये.

एवढी काळजी घेतली, तर दोन फळ्यांत देव्हारा होतो, उरलेल्यात पाट. नव्या घरात निदान एवढे तरी आपल्या चाळीतले असावे.