अप्पाकाकाला काम होतं

माझा अप्पाकाका, बाबांचा धाकटा भाऊ, गेल्या श्रावणात हृदयविकाराने गेला. भेटायला येणारे एकामागून एक "सुटला बिचारा" म्हणत होते आणि दर वेळी माझ्या मनात यायचं, बिचारा कशाने? त्याला स्किझोफ्रेनिया होता, हे खरं. ऐन पंचविशीत जडला तो शेवटपर्यंत राहिला. पण त्याच आयुष्यातली कितीतरी वर्षं तो रोज सकाळी दहाला कामावर जायचा, हे मात्र कुणाच्या बोलण्यात आलं नाही.

आजार सुरू झाला तो ऐंशीच्या दशकात. मनोरुग्णांसाठी तेव्हा 1912 सालचा इंग्रजी अमदानीतला कायदा चालू होता आणि "ठाण्याला न्या याला" हे वाक्य लोक थट्टेत वापरत. आमच्या घरच्यांना ते खरंच करावं लागलं. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासूनचं. काका तिथे काही महिने राहिला, सुधारला, डोंबिवलीला घरी आला. पुढे तपासणीला बाबा त्याला घेऊन जायचे. गर्दीने तो बिथरायचा, म्हणून सकाळची ऑफिसची वेळ टळल्यावर निघायचं. तरी सगळा दिवस त्यातच जायचा. गोळ्यांनी कानातले आवाज पुष्कळ कमी झाले. त्या नसत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण गोळ्या घेऊन माणसाने दिवसभर करायचं काय, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. काका भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाइंडिंगचं दुकान होतं. मालकांना सगळे भाऊ म्हणत. त्यांनी एक दिवस आजीला सांगितलं, "पाठवा त्याला, बघू." छापून आलेल्या फर्म्यांना घड्या घालणं, पानं क्रमाने लावणं, पुठ्ठ्यांना मैद्याची खळ लावणं अशी कामं. औषधांनी काकाचे हात थरथरत. घरी आजी त्याचा चहाचा कप अर्धाच भरायची. टेबलावर कागद ठेवून तळव्याने घडी दाबताना मात्र ती थरथर ओसरायची. कडेला कड जुळली की तिच्यावरून अंगठा एकदा सावकाश फिरवायचा आणि मग पुढचा कागद घ्यायचा. जूनमध्ये शाळा-कॉलेजांच्या जर्नलांचा ढीग पडला की भाऊ त्याला जेवून परत यायला सांगत, आणि तो खरंच यायचा.

काही दिवस आवाज फार यायचे. तेव्हा तो दुकानात शिरतानाच सांगायचा, "भाऊ, आज गर्दी आहे." भाऊ त्याला कटिंग मशीनपासून लांब, आतल्या बाजूला बसवून खळ ढवळायला द्यायचे. त्यावर चर्चा नाही, उपदेश नाही. शनिवारी इतरांबरोबर त्याचाही पगार व्हायचा आणि त्यातून माझ्यासाठी श्रीखंडाच्या गोळ्या यायच्या. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत भाऊ भेटले की काका शेजाऱ्यांना ओळख करून द्यायचा, "हे आमचे मालक." त्या 'आमचे' मधला रुबाब मी ऐकलेला आहे.

इमारत पाडायला गेली, भाऊही थकले होते. दुकान बंद झालं. बाबांनी पुष्कळ ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी होकार मिळाला होता, पण आजाराचं नाव कळल्यावर "जोखीम नको" असं उत्तर आलं. काही महिन्यांत काका पुन्हा भिंतीकडे वळला आणि गोळ्या वाढवाव्या लागल्या.

आपल्याकडे ज्ञान कमी नाही. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था उभी केली. कॅनडातल्या कॅल्गरीत संख्याशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया कधी लपवला नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि 2004 च्या 'देवराई' चित्रपटामागेही ते उभे राहिले. आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची रीत याच कामातून आली. कायदाही बदलला. 2018 च्या मे महिन्यापासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने निवारा, घरी आणि वस्तीत पुनर्वसन या सेवा पुरवणं ही सरकारची जबाबदारी ठरवली. समाजात राहण्याचा हक्क दिला. मात्र राज्यातली सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत, आणि शुभार्थी राहतात आपापल्या गल्लीत. घरून चालत जाता येईल आणि दुपारपर्यंत हाताला काम मिळेल, अशी जागा माझ्या काकाला भाऊंच्या दुकानाखेरीज कुठेच मिळाली नाही. ती एका भल्या माणसाच्या मर्जीवर होती. दुकान गेलं, तीही गेली.

म्हणून कल्याण-डोंबिवली महापालिकेकडे माझी मागणी साधी आहे. पूर्वेला एक, पश्चिमेला एक समाजमंदिर दिवसाचे चार तास या कामासाठी द्या. कागदी पिशव्या, फाइली, बाइंडिंग, पाकिटं भरणं, असं काहीही चालेल. शिकवणारा माणूस आणि आठवड्याला एकदा येणारा समुपदेशक नेमा, आणि केलेल्या कामाचे पैसे चोख द्या.

आणि ज्यांचं दुकान आहे, छोटा कारखाना आहे, प्रेस आहे, त्यांनाही सांगणं आहे. दोन-तीन तासांचं, घाई नसलेलं काम तुमच्याकडे असतंच. उपचार चालू असलेल्या एखाद्या माणसाला ते द्या. त्याच्या घरच्यांशी बोला, कुठल्या दिवशी काय जड जातं ते त्यालाच विचारा. काही सुचेनासं झालं तर 14416 या टेली-मानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन लावता येतो, पैसे पडत नाहीत. पगार शनिवारी, इतरांच्या बरोबरीने करा.