नदीकाठची खोली मागू नका

मे महिन्याच्या सुट्टीत मनालीला निघालेल्या मराठी कुटुंबाची हॉटेलकडून एक अपेक्षा हटकून असते: खिडकी उघडली की नदी दिसली पाहिजे. घरातलं जे कोणी बुकिंग करतं ते आधी 'रिव्हर व्ह्यू आहे का?' विचारतं, हॉटेलवाला त्या दोन शब्दांचे जादा पैसे लावतो आणि आपण ते खुशीने भरतो. माझं सांगणं एवढंच आहे, की हिमालयातल्या खोऱ्यात जाल तेव्हा नदीवर जरूर जा, पाण्यात पाय घाला, फोटो काढा. झोपायला मात्र तिच्यापासून लांब आणि उंचावर जा.

तिथली जुनी गावं कुठे वसली आहेत ते एकदा बघा. नग्गर ही कुल्लूच्या राजांची जुनी राजधानी. ती बियासच्या डाव्या अंगाला, पात्रापासून चांगलीच वर, उतारावर आहे. राजाला नदी आवडत नव्हती असं थोडंच आहे! तिथला गढीवजा वाडा लाकडाचे ओंडके आणि दगड यांचे एकाआड एक थर रचून बांधलेला आहे. या पद्धतीला तिकडे 'काठकुणी' म्हणतात. 1905 च्या कांगडा भूकंपातून हा वाडा तगला आणि आता हिमाचलचं पर्यटन महामंडळ त्यात हॉटेल चालवतं. जुनी मनालीही बाजारपेठेच्या वरच्या बाजूला आहे, आणि गरम पाण्याच्या कुंडांचं वशिष्ठही चढावरच. नदीलगतची सपाट जागा हॉटेलांनी भरली ती अलीकडे, आणि ती भरली आपल्यासारख्यांनी मागितली म्हणून.

डोंगरात नदीच्या कडेला सपाट जागा मिळते, कारण कधीतरी नदीनेच तिथे गोटे आणि वाळू आणून टाकलेली असते. जिने ती टाकली ती पुन्हा न्यायलाही येऊ शकते. जुलै 2023 मध्ये कुल्लू-मनालीत बियासला पूर आला तेव्हा काठावरच्या इमारती पात्रात कोसळल्या, उभ्या केलेल्या बस आणि गाड्या वाहून गेल्या, महामार्गाचे तुकडे झाले. वीज नाही, फोन नाही अशा अवस्थेत पर्यटक कित्येक दिवस अडकून पडले. सप्टेंबर 1995 मध्येही याच नदीने याच खोऱ्यात हाहाकार केला होता. मधल्या काळात काठ मोकळा व्हायला हवा होता, झालं उलटंच. उत्तराखंडात गंगोत्रीच्या वाटेवरच्या धराली गावाचं चित्र तर अनेकांनी फोनवर पाहिलं असेल. 5 ऑगस्ट 2025 रोजी भर दुपारी खीरगंगा नावाच्या ओढ्यातून पाणी, चिखल आणि दगडांचा लोंढा उतरला आणि त्याच्या तोंडाशी असलेली हॉटेलं, होमस्टे, दुकानं त्याने घेतली. तो मोठी नदी नव्हता, ओढा होता. म्हणून 'आमचं हॉटेल नदीवर नाही, नाल्यावर आहे' असं कोणी सांगितलं तर निर्धास्त होऊ नका.

मे महिन्यात कुठला पूर, असं कोणी म्हणेल. पावसाळ्याच्या मानाने मे खरंच बरा. पण बर्फाच्या पाण्यावर चालणाऱ्या नदीचं वेळापत्रक निराळं असतं. दिवसभराच्या उन्हाने वर बर्फ वितळतं आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार टळलेली असते. सकाळी ज्या खडकावर बसून पोहे खाल्ले तो संध्याकाळी पाण्याखाली असू शकतो. शिवाय धरणं आहेत. 8 जून 2014 रोजी मंडी जिल्ह्यात थलौटजवळ हैदराबादच्या एका अभियांत्रिकी कॉलेजची मुलं बियासच्या पात्रात उतरून फोटो काढत होती. वरच्या लारजी धरणातून पाणी सुटलं आणि चोवीस विद्यार्थी वाहून गेले. तेव्हा पूरही नव्हता.

आता समजा भीती बाजूला ठेवली, निव्वळ सुखाचा हिशेब केला. नदीचा आवाज पहिला तासभर फार छान वाटतो. मग जेवून अंथरुणावर पडलं की तोच आवाज रात्रभर पत्र्यावर पाऊस कोसळावा तसा कानात कोसळत राहतो. ज्यांची झोप सावध, त्यांचे तर हालच. हा आवाज नुसता त्रासाचाही नाही: बाहेर कोणी हाका मारत असेल, दार ठोठावत असेल, तर ते त्यात ऐकू येत नाही. दुसरं, रात्री थंड हवा उतारावरून खाली येऊन खोऱ्याच्या तळाशी साचते. त्यामुळे नदीकाठी गारठा जास्त, ओल जास्त, धुतलेला टॉवेल दोन दिवस ओलाच. उन्हाचंही लक्षात घ्या. मनालीच्या खाली बियास साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. म्हणजे पश्चिमेकडच्या उतारावर सकाळचं ऊन आधी पडतं आणि नग्गरच्या बाजूला दुपारचं ऊन उशिरापर्यंत टिकतं. तळाशी दोन्ही वेळा सावलीच लांबते. घरात पूर्वेची खिडकी हवी म्हणून हट्ट धरणारे आपण तिथे गेल्यावर सूर्य विसरतो, हे मला जरा गमतीचं वाटतं.

वरच्या हॉटेलाची अडचण आहे, ती लपवत नाही. गाडी दारापर्यंत जात नाही, पायऱ्या असतात, सामान पाठीवर न्यावं लागतं. बरोबर गुडघेदुखीवाली आई असेल तर पायऱ्या किती आणि कठडा आहे का, हे आधी विचारा. रस्त्यालगत पण उंचावर असलेलं हॉटेलही शोधलं की मिळतं. थोडी जास्त शोधाशोध, एवढाच फरक.

विचारायचं कसं? 'सेफ आहे ना?' असं विचारलंत तर 'एकदम सेफ सर' हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: 2023 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं? हॉटेल त्याच्या किती वर आहे? मागच्या बाजूने वर जायला वाट आहे का? व्यवस्थापक गुळमुळीत बोलला तर टॅक्सीवाल्याला विचारा, समोरच्या चहावाल्याला विचारा. महाड-चिपळूणच्या माणसाला हे शिकवायला नको. भिंतीवर पाण्याची खूण करून ठेवण्याची सवय त्याला आहे. पुण्यात फ्लॅट घेताना निळ्या आणि लाल पूररेषेची, म्हणजे पंचवीस आणि शंभर वर्षांतून येणाऱ्या पुराच्या रेषेची चौकशी करणारी माणसं चार रात्रींच्या खोलीसाठी नकाशा उघडूनही बघत नाहीत.

आणि तरीही काठावरच राहायची वेळ आली, कारण दुसरी जागाच नाही, तर वरच्या मजल्यावरची, मागची खोली घ्या. पोचल्या दिवशी उजेड असतानाच वर जाणारी वाट पायी चालून पाहा. पैसे, औषधं, ओळखपत्रं, टॉर्च एका पिशवीत दाराशी ठेवा. गाडी पात्राकडेला लावू देऊ नका, चालक कुरकुरला तरी चालेल. पाणी एकाएकी गढूळ झालं, लाकडं वाहून यायला लागली, पाण्याखालून दगड गडगडल्यासारखा आवाज आला, तर सामान तिथेच टाकून वर चढा. पाणी अचानक कमी झालं तर जास्त घाबरा: वर कुठेतरी दरड पडून प्रवाह अडलेला असू शकतो, आणि तो बांध फुटला की सगळं एकदम येतं. अशा वेळी गाडीतून खोऱ्याखोऱ्याने खाली पळू नका. पायी, उतारावर, वर.

टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. पत्रकावर पुरणपोळी कुठल्या मुक्कामी मिळणार हे छापलेलं असतं आणि हॉटेलसमोर मात्र 'डिलक्स किंवा तत्सम' एवढंच. पैसे भरण्याआधी हॉटेलचं नाव आणि गाव लेखी मागून घ्या, ते नकाशावर बघा आणि नदीला चिकटलेलं असेल तर बदलून मागा. एकट्याने मागितलं तर ते हसतील. गटातल्या चार कुटुंबांनी मिळून मागा, आणि फेब्रुवारीत मागा. मे महिन्यात खोल्या शिल्लक नसतात.