जंताचे औषध आणि माळढोकाचा घास

कर्नाटकाच्या सीमेला टेकलेले दुधनी हे तुरीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. अक्कलकोट तालुक्यातील या गावी माल घेऊन येणारा शेतकरी पीक, पाऊस आणि जनावरे यांच्या विवंचनेत असतो. दुर्मीळ पक्ष्यांची चर्चा त्याला शहरी मंडळींचा छंद वाटली, तर त्यात नवल नाही. परंतु सोलापूर जिल्ह्याचे नाव ज्या पक्ष्यामुळे देशभर गेले, त्या माळढोकाचा घास याच शेतकऱ्याच्या गोठ्यातील एका बाटलीशी जोडलेला आहे. ती बाटली जंताच्या औषधाची.

माळढोकासाठी १९७९ साली नान्नज परिसरात अभयारण्य घोषित झाले. कागदावर त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. क्षेत्राचा वाद मिटला, पण पक्षी वाढले नाहीत. आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. देशभरात मुक्त वावरणारे माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते. शिकार, माळरानाची नांगरट, विजेच्या तारा आणि भटकी कुत्री ही ऱ्हासाची कारणे आता सर्वांना पाठ झाली आहेत. परजीवींचा प्रश्न मात्र या चर्चेत क्वचितच येतो.

पक्षी आणि परजीवी यांचे साहचर्य फार जुने आहे. पिसांतील उवा, आतड्यांतील कृमी आणि रक्तातील सूक्ष्मजीव यांना अंगावर वागवतच पक्ष्यांच्या पिढ्या वाढल्या. संख्या भरपूर असते तेव्हा काही पक्षी दगावले, तरी जात टिकते. संख्या मूठभर उरली आणि त्यात परका परजीवी शिरला, की तोल जातो. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकात जहाजांतून डास पोहोचले. त्यांनी पसरविलेल्या पक्ष्यांच्या हिवतापाने तेथील रानपाखरांच्या कित्येक जाती संपविल्या. मराठी भाषक कुटुंबे ज्या मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, तेथील गुलाबी कबुतर १९९० च्या सुमारास दहा पक्ष्यांवर आले होते. अथक प्रयत्नांनी त्याची संख्या काहीशेवर गेली. पण घशात वाढणाऱ्या एका परजीवीमुळे त्याची पिल्ले आजही दगावतात. दाणापाणी एकत्र झाले, की तो एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो.

मग सगळे परजीवी मारून टाकावेत काय? अमेरिकेतील कॅलिफोर्निया कोंडोर या गिधाडाची कथा येथे उद्बोधक आहे. १९८७ साली उरलेले सर्व २७ कोंडोर पिंजऱ्यात आणले गेले. त्यांच्या अंगावरील उवा औषधाने नष्ट करण्यात आल्या. केवळ याच पक्ष्यावर जगणारी एक उवेची जात त्यात कायमची नामशेष झाली. पक्षी वाचला याचा आनंद मोठाच. पण संरक्षणाच्या हातूनच एक जीव संपला, याची नोंद विज्ञानाने खेदाने केली आहे.

आता आपल्या माळाकडे पाहू. गाई-म्हशींना आणि मेंढ्यांना जंत, गोचीड यांसाठी आयव्हरमेक्टिनसारखी औषधे दिली जातात. औषधाचा बराचसा अंश शेणावाटे बाहेर पडतो आणि त्या शेणात वाढणाऱ्या भुंगेऱ्यांच्या, माश्यांच्या अळ्यांना मारतो. हेच भुंगेरे शेण जमिनीत गाडतात, जमिनीचा कस वाढवितात आणि शेणातील जंतांच्या अंड्यांनाही आळा घालतात. म्हणजे जंत मारण्याच्या भरात आपण जंतांना रोखणारा नैसर्गिक पहारेकरीच मारतो. आणि भुंगेरे व नाकतोडे हा माळढोकाचा, विशेषतः पावसाळ्यातील विणीच्या काळातला, महत्त्वाचा आहार आहे.

जनावराच्या औषधाने पक्षी मरतो, हे आपण एकदा अनुभवले आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. पशुवैद्यकीय वापरासाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. तेथे औषध सरळ पक्ष्याच्या पोटात गेले. येथे ते पक्ष्याच्या ताटातील अन्न हिरावून घेते. हा मार्ग अधिक संथ आहे, म्हणूनच लवकर ध्यानात येत नाही.

याचा अर्थ धनगराने आपली मेंढी जंतांनी मरू द्यावी, असा मुळीच नाही. ज्याचा संसार त्या कळपावर चालतो, त्याला उपदेश करणे सोपे आहे. प्रश्न औषध द्यावे की नाही हा नसून केव्हा, किती आणि कोणाला द्यावे, हा आहे. सरसकट सगळ्या कळपाला औषध पाजण्याआधी शेण व लेंड्या तपासून घेता येतात. गरज असलेल्या जनावरालाच मात्रा द्यावी आणि पुढचे काही दिवस ते माळावर न सोडता गोठ्यात बांधावे. यात औषधाचा खर्च वाचतो आणि जंत औषधाला सरावण्याचा धोकाही कमी होतो. पशुवैद्यकीय दवाखान्यांनी ही तपासणी गावोगावी नेली, तर शेतकरी ती नाकारणार नाही. अभयारण्यालगतच्या गावांत कोंबड्यांचे वेळच्या वेळी लसीकरण व्हावे आणि त्यांना वन्य पक्ष्यांच्या पाणवठ्यांपासून दूर ठेवावे.

राजस्थानात सम आणि रामदेवरा येथील केंद्रांत माळढोकाची पैदास यशस्वी होत आहे. तेथे वाढलेले पक्षी उद्या सोलापूरच्या माळावर सोडायचे ठरले, तर त्यांना केवळ कुंपण पुरणार नाही. पोटभर किडे असलेले जिवंत गवताळ रान लागेल. सरकारी दप्तरात माळाला पडीक म्हटले जाते. तो पडीक नाही, हे आधी आपल्या मनात ठसले पाहिजे. पक्षी परत आणणे तज्ज्ञांच्या हाती असेल. त्याचे ताट वाढून ठेवणे मात्र दुधनीपासून नान्नजपर्यंतच्या प्रत्येक गोठ्याच्या हाती आहे.