तोट्याचा धनी कोण?

नेरळच्या पुढे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कळंबला रेल्वे नाही. त्या गावाला आणि भोवतालच्या आदिवासी वाड्यांना कर्जत-नेरळशी जोडणारे परवडण्याजोगे साधन म्हणजे एस.टी. शाळेला निघालेली मुलगी, दवाखान्यात जाणारी वृद्धा, बाजारहाटासाठी उतरलेले ठाकर किंवा कातकरी कुटुंब, या साऱ्यांचा दिवस गाडीच्या वेळेवर बेतलेला असतो. गाडी रद्द झाली की वाडीवरचे माणूस घरी राहते आणि बाजारपेठेतील दुकानदाराचे गिऱ्हाईक त्या दिवसापुरते बुडते. त्यामुळे एस.टी. महामंडळाचा कारभार कसा चालतो, हा प्रश्न मंत्रालयाइतकाच दुकानाच्या उंबरठ्याचाही आहे.

राज्यातील पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने या व्यवस्थेला आजची चौकट मिळाली. त्या कायद्याची दोन कलमे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. कलम २२ म्हणते की महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा. कलम ३४ राज्य शासनाला अधिकार देते की महामंडळाशी विचारविनिमय करून त्याने नोकरभरती, सेवाशर्ती, वेतन, राखीव निधी आणि नफ्याचा विनियोग यांविषयी महामंडळाला निर्देश द्यावेत. व्यापार महामंडळाने करावा आणि व्यापाराच्या नाड्या मात्र दुसऱ्याच्या हाती असाव्यात, असा हा संसार आहे.

भाड्याचेच पाहावे. ते ठरविण्याचा अधिकार राज्य परिवहन प्राधिकरणाकडे आहे. ऑक्टोबर २०२१ मधील वाढीनंतर पुढची वाढ २५ जानेवारी २०२५ रोजी झाली आणि ती १४.९५ टक्के होती. सव्वातीन वर्षे खर्च वाढत असताना विक्रीचा दर जागचा हलला नाही, आणि मग एकदम प्रवाशाच्या माथ्यावर आला. दरम्यान सवलती वाढल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला, तर १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट लागू झाले. या सवलती अनाठायी नाहीत. निम्म्या तिकिटाने किती तरी स्त्रियांना घराबाहेरची वाट मोकळी करून दिली. प्रश्न आहे तो त्यांच्या हिशेबाचा.

जुन्या पेढीवर एक रीत असे. मालकाने पाहुण्याला किंवा गरजूला दुकानातील माल विनामूल्य दिला, तर मुनीम तो दुकानाच्या तोट्यात धरीत नसे. मालकाच्या घरखाती किंवा धर्मादाय खाती नावे टाकी. त्यामुळे वर्षअखेरीस दोन्ही गोष्टी स्वच्छ दिसत: दुकानाने किती कमावले आणि मालकाने किती दिले. एस.टी.च्या बाबतीत सवलत जाहीर करतो तो मालक, म्हणजे शासन. तिची प्रतिपूर्ती करण्याची जबाबदारीही शासनाचीच आहे. मात्र ही रक्कम वेळेवर आणि पूर्ण मिळत नाही, अशी तक्रार कर्मचारी संघटना वारंवार करीत आल्या आहेत. घरखात्याची उधारी दुकानाच्या गल्ल्यावर पडली की मुनीम कितीही चोख असला तरी रोकड जुळत नाही.

जून २०२५ मध्ये शासनाने महामंडळाची श्वेतपत्रिका काढली, तेव्हा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांहून अधिक असल्याचे समोर आले. परंतु त्यातील लोकसेवेची किंमत किती, धोरणातील दिरंगाईची किती आणि निव्वळ गैरव्यवस्थेची किती, हे एका आकड्यातून कळत नाही. येथेच खरी हानी आहे. हिशेब एकत्र मिसळले की प्रामाणिक आगारप्रमुखाला आपले काम सिद्ध करता येत नाही आणि कामचुकाराला ‘सवलतींमुळे तोटा’ ही सबब आयती मिळते. उभ्या राहिलेल्या नादुरुस्त गाड्या, वाया जाणारे इंधन, खरेदीतील ढिलाई हे सारे त्या एका आकड्याच्या आडोशाला सुखाने नांदते.

नेतृत्वाचीही हीच कथा. सप्टेंबर २०२४ मध्ये महामंडळाचे अध्यक्षपद महाडचे आमदार भरत गोगावले यांच्याकडे गेले. ते मंत्री झाल्यावर ते परिवहन विभागाच्या वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याकडे आले आणि एप्रिल २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांकडे. व्यक्ती कर्तबगार असोत वा नसोत, वर्षभराच्या आत तीनदा गादी बदलली तर कोणत्या पेढीची घडी बसेल?

या संदिग्धतेची सर्वांत मोठी किंमत २०२१-२२ च्या संपात मोजावी लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला तो संप उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर होण्यास सांगेपर्यंत रेंगाळला. शासनात विलीनीकरण ही कर्मचाऱ्यांची मुख्य मागणी होती. समितीने ती अमान्य करण्याची शिफारस केली. पण मागणीच्या मुळाशी एक साधा सवाल होता: निर्णय शासनाचे असतील, तर पगाराची हमी कोणाची?

कर्जतहून फार दूर नसलेल्या पाताळगंगेकाठच्या रसायनीने या सवालाचे दुसरे टोक पाहिले आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या केंद्रीय कंपनीभोवती तेथे वसाहत उभी राहिली. १९९१ नंतर आयातीची दारे उघडली, स्पर्धा वाढली, कारखाना वर्षानुवर्षे तोट्यात रुतला. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणांच्या इंधनासाठी लागणारे रसायन बनविणारा एक विभाग तेवढा इस्रोकडे सोपविला गेला. कारखान्याच्या मालाला पर्याय बाजारात मिळतो. कळंबच्या फेरीला तसा पर्याय नाही. आहे तो अधिक महाग आणि कमी भरवशाचा.

उपाय अवघड नाहीत, त्यांना शिस्त मात्र लागते. प्रत्येक सवलतीची रक्कम वेगळ्या खात्यात दाखवून शासनाने ती दरमहा भरावी. तोट्यातील जी फेरी लोकसेवा म्हणून हवी, तिची किंमत आधी ठरवावी. प्रमुखाला ठरावीक मुदत द्यावी आणि मुदतीअखेर जाब घ्यावा. आगारनिहाय हिशेब, त्यात रद्द झालेल्या फेऱ्यांसह, लोकांसमोर मांडावा.

यात व्यापाऱ्यांचाही वाटा आहे. जुलै २०२४ पासून आगारांत ‘प्रवासी राजा दिन’ भरतो, तेथे प्रवाशांची गाऱ्हाणी ऐकली जातात. गावच्या व्यापाऱ्यांनी महिनाभर रद्द झालेल्या फेऱ्यांची साधी टिपणवही ठेवून ती तेथे मांडली, तर नुसत्या कुरकुरीपेक्षा तिचे वजन नक्कीच अधिक पडेल. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ लिहिला जातो, त्यांना हे काम कोणी शिकवावे लागत नाही.