परदेशचा सूर्यास्त

नागपुरात सूर्य फारसा दगा देत नाही. जूनमध्ये तो सातच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरअखेरीस साडेपाचनंतर काही मिनिटांनी. इतवारीतील व्यापारी गल्ला मुलाच्या हाती सोपवून घरी येतो, अंथऊ उरकतो आणि पुन्हा दुकानी जाऊन बसतो. वर्षभरातला फरक दीड तासाहून कमी असल्यामुळे नियम पाळणे येथे सवयीचे होऊन जाते. हीच सवय घेऊन जो शिक्षक परदेशी युवक-शिबिर घ्यायला जातो, त्याची पहिली परीक्षा व्यासपीठावर होत नाही, ती जेवणघरात होते.

लंडनचे उदाहरण घ्यावे. डिसेंबरअखेरीस तेथे सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आतच मावळतो. नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर दोन घटिका, अर्थात अठ्ठेचाळीस मिनिटे. तोवर नऊ वाजत आलेले असतात आणि मुले वर्गात बसलेली असतात. सायंकाळी ती घरी पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. उलट जूनमध्ये सूर्यास्त रात्री नऊ वाजून गेल्यावर होतो. चौविहार सहज साधतो, पण लहान मुले तोवर पेंगू लागतात. नैरोबी विषुववृत्ताजवळ असल्याने तेथील कुटुंबांना ही अडचण जवळजवळ नाही. तेव्हा ‘सातच्या आत जेवावे’ एवढेच पाठ करून गेलेल्या शिक्षकाला लंडनची मुले नाताळच्या सुट्टीत निरुत्तर करतात. नियम घड्याळाचा की सूर्याचा, आणि सूर्याचा असेल तर त्यामागचे कारण काय, हे त्याला तेथे प्रथमच नीट सांगावे लागते. स्वतःच्या घरी ते त्याला कोणी विचारलेलेच नसते!

ही परीक्षा नवी नाही. 1893 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आत्मारामजी महाराजांना आले होते. साधूच्या मर्यादेमुळे ते समुद्रापार जाऊ शकत नव्हते. म्हणून त्यांनी मुंबईच्या जैन असोसिएशनचे सचिव वीरचंद राघवजी गांधी यांना तयार करून पाठविले. तेव्हा वीरचंदभाईंचे वय तिशीच्याही आत होते. अमेरिकेतील लोकांना त्यांची काठेवाडी पगडी नवलाची वाटे, पण ती त्यांनी उतरविली नाही आणि शाकाहारही सोडला नाही. परत आल्यावर मात्र समुद्र ओलांडल्याबद्दल समाजातीलच काहींनी वाद उभा केला. परक्यांनी ज्यांना आदराने ऐकले, त्यांना घरी उत्तरे द्यावी लागली. 1901 मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

साधू-साध्वींच्या प्रवासाची ती अडचण तेरापंथाने पुढे निराळ्या रीतीने सोडविली. आचार्य तुलसी यांनी 1980 साली लाडनूं येथे समण श्रेणी सुरू केली. गृहस्थ आणि साधू यांच्या मधली ही दीक्षा. समणी वाहनाने व विमानाने प्रवास करू शकतात. म्हणून आज लंडन, ह्यूस्टन, न्यू जर्सी येथील केंद्रांत त्या मुलांचे वर्ग घेतात. समोरचा पुरुष स्वागतासाठी हात पुढे करतो, समणी हात जोडतात. यात अपमान नाही, हे पाहुण्याला एका वाक्यात समजावता आले पाहिजे. ते आले की यजमानही हसून हात जोडतो. याच्या उलट, तेथील काही रीती शिकून घेण्यासारख्या आहेत. एकत्र जेवणासाठी प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणावा, त्यात काय-काय आहे हे चिठ्ठीवर लिहून ठेवावे आणि जेवणानंतर मुलांनीच टेबले पुसावीत, ही पद्धत आपल्या पंगतींत यायला काय हरकत आहे?

खरी कसोटी दुधाची. 1995 मध्ये अमेरिकेतील धर्मशिक्षणाचे कार्यकर्ते प्रवीण शहा यांनी व्हरमाँटमधील एक डेअरी पाहिली आणि गायींचे व वासरांचे तेथे काय होते ते लिहून काढले. तो लेख पुष्कळ पाठशाळांत वाचला गेला. तेव्हापासून तेथील अनेक तरुण दूध, तूप, पनीर वर्ज्य मानतात. नागपूरहून गेलेला शिक्षक कांदा-बटाट्यावर बोलण्याची तयारी करून जातो आणि पहिलाच प्रश्न येतो, “काका, तुमच्या घरी तूप कोठून येते?” ‘आमच्याकडे गाय मातेसमान आहे’ हे उत्तर तेथे पुरत नाही. वासराच्या वाट्याला किती दूध येते, भाकड गाय कोठे जाते, डेअरीला जन्मलेल्या गोऱ्ह्याचे पुढे काय होते, हे प्रश्न लागोपाठ येतात. ते उद्धटपणाचे नसतात. अहिंसेचा धडा त्या मुलांना आपल्याच पाठशाळेने दिलेला असतो आणि हिशेब शेवटच्या पैपर्यंत मागावा, हे व्यापारी घरातल्या मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही.

अशा वेळी रागावणारे शिक्षक आहेत, विषय बदलणारेही आहेत. क्वचित एखादा मात्र ‘माहीत नाही, परत गेल्यावर पाहून कळवतो’ असे म्हणतो. त्याला पुढच्या वर्षी मुले पुन्हा बोलावतात. परत आल्यावर तो खरोखरच दूधवाल्याकडे चौकशी करतो. दूधवाला आधी हसतो, मग थोडा वेळ गप्प राहतो आणि वासरांचा विषय निघताच कॅन उचलून पुढच्या घरी निघतो.